रमाकांतरावांचा पहिला दिवस

पूर्वी बरं होतं. ‘रक्तगट जुळत नाही’ एवढं एक वाक्य डॉक्टर बोलायचे आणि कितीतरी नवऱ्यांची, मेहुण्यांची, चुलत भावांची अब्रू शाबूत राहायची. मूत्रपिंड द्यायला सगळेच तयार असायचे; आडवा यायचा तो रक्तगट. मग परिचय-उपचार निघाला आणि ही सोय गेली.

अनुपमा काळमेघ यांना तो उपचार डॉ. मोहरील बाईंनी समजावून सांगितला. अनुपमाबाईंनी अकोल्याच्या एका शाळेत उभा जन्म भूगोल शिकवला होता. अर्धवट सांगितलेलं त्यांना चालायचं नाही. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्याचं कळलं तेव्हाही त्यांनी रडण्याआधी आकृती काढून मागितली होती.

“रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे पहारेकरी,” डॉ. मोहरील म्हणाल्या. “परका दिसला की झोडपायचा, एवढंच त्यांना ठाऊक. म्हणून दुसऱ्याचं मूत्रपिंड शरीर फेकून देतं. आता आम्ही देणाऱ्याच्या थोड्या पेशी घेतो आणि तुमच्या पहारेकऱ्यांबरोबर प्रयोगशाळेत काही आठवडे एकत्र वाढवतो. ओळख झाली की ते पहारेकरी पुन्हा तुमच्या रक्तात सोडतो. ते बाकीच्यांना शिकवतात. मग नवं मूत्रपिंड त्यांना घरचंच वाटतं.”

“आणि रक्तगट?”

“कुठलाही चालतो.”

“म्हणजे कोणीही देऊ शकतं?”

“प्रकृती धड असेल तर कोणीही. फक्त देणाऱ्याच्या रक्तात निकोटिन नको. त्यानं पेशींची ओळख नीट होत नाही, आणि शस्त्रक्रियेतही धोका वाढतो.”

खोलीत तिघंच होती. दोघी एकदम तिसऱ्याकडे वळल्या. रमाकांतराव काळमेघ वीज उपकेंद्रातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, अंगानं काटक, रक्तदाब नाही, साखर नाही. व्यसन एकच, सिगारेटचं, कॉलेजपासूनचं.

“माझी किडनी घ्या की,” ते म्हणाले. बसमध्ये जागा द्यावी तसं.

पुण्याहून ऋजुताचा, त्यांच्या मुलीचा, फोन आला. तिचा मुलगा अजून रांगत होता. “बाबा, ग्रेट आहात तुम्ही,” ती म्हणाली, आणि मग सहज बोलावं तसं, “आणि तुमचं काही कारणानं नाहीच जमलं तर मी आहेच.” कॉलनीतल्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं रमाकांतरावांचा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. भाषणात कोणीतरी त्यांना ‘आधुनिक काळातला दाता’ म्हटलं. अनुपमाबाई पहिल्या रांगेत बसून मनात म्हणत होत्या, अहो, अजून दिलंय कुठं काही!

संक्रांतीनंतर दवाखान्यातून ‘सुटका’ नावाचं पेन आलं.

ई-सिगारेटवर दुकानांत बंदी होतीच. पण व्यसन सोडवण्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर हे एक पेन मिळायला लागलं होतं. आत दोन कुप्या असत, एकीत निकोटिनचं द्रव आणि दुसरीत नुसतंच वाफेचं. झुरका घेतला की तापलेली तार दोन्हींची वाफ करून देई. त्यातली खुबी त्याच्या सेलमध्ये होती. सेल पक्का बंद केलेला. चार्ज करायला भोकच नाही, मुद्दामच ठेवलेलं नाही. जसजसा सेल उतरे, तसतसा त्याचा व्होल्टेज थोडा थोडा खाली येई. पेनातली चिप तेवढ्यावरूनच किती दिवस झाले ते ओळखी आणि निकोटिन कमी करत नेई. तीन महिन्यांत सेल संपायचा, तोवर निकोटिनही शून्यावर यायचं. माणसाला पत्ताही न लागता तो सुटायचा. ज्यानं हे डोकं लढवलं त्याला माणसाच्या स्वभावाची चांगली जाण असावी. फक्त निवृत्त वीज इंजिनिअरची त्याला कल्पना नव्हती.

रमाकांतराव पेन घेऊन मागच्या गॅलरीत बसू लागले. सिगारेटच्या दिवसांपासून त्यांची बैठक तिथंच असायची. होळी झाली, पाडवा झाला.

“संपलं का हो ते?” अनुपमाबाई विचारायच्या.

“चाललंय अजून. सेल चांगला घातलाय त्यांनी.”

डॉ. मोहरील यांच्याकडून फोन आला की अनुपमाबाईही तेच सांगत. “चालू आहे, डॉक्टर. अगदी थोडं राहिलंय.” एकदा तर पेन हरवलं. मग सापडलं. मग त्यांना सर्दी झाली म्हणून मधले काही दिवस धरायचे नव्हते. अनुपमाबाईंच्या सहनशक्तीचा काटा हळूहळू वर चढत होता. एक दिवसाआड दुपारी त्यांना डायलिसिसच्या यंत्राला जोडून घ्यावं लागे. यंत्र घरीच होतं, ट्रॉलीवर, छोट्या कपाटाएवढं. शिकवायला आलेल्या सिस्टर निघून गेल्या तेव्हापासून डाव्या हातात दोन्ही सुया त्या स्वतःच खुपसत. रमाकांतरावांचा उपयोग शून्य. नळीत लाल दिसायला लागलं की त्यांना गॅलरीत हमखास काम निघे.

“निदान इथं बसा तरी,” त्या म्हणत.

“बसतो ना, झाडांना पाणी घालून येतो.”

गॅलरीत दोन कुंड्या होत्या. एक तुळस आणि एक वाळलेला मोगरा.

चैत्रात एकदा सकाळी त्या कपडे वाळत घालायला मागे निघाल्या, तर गॅलरीतून बाईचा आवाज. गोड, लाघवी. “…घाई करू नका. मी आहे ना तुमच्यासोबत.”

अनुपमाबाई बादली घेऊन दारात उभ्या राहिल्या. रमाकांतराव एकटेच होते. हाताची मूठ पाठीमागे.

“कोण होतं?”

“पेन.”

“पेन?”

“दिवसातून एकदा बोलतं ते. धीर देतं.”

“बरंय तुमचं,” त्या शर्ट झटकत म्हणाल्या. “माझं यंत्र नुसतं पिकपिक करतं.”

विषय तिथंच राहिला. पेनाचं पहिलं वाक्य त्यांनी ऐकलं नव्हतं.

मे उजाडला. अकोल्यात आता मे महिन्यात दुपारबंदी असायची. बारापासून ऊन उतरेपर्यंत रस्त्यावर यायचं नाही, असा सरकारी हुकूमच होता. सगळं गाव घरात, सगळे कूलर चालू, आणि विजेची तारांबळ. व्होल्टेज इतका खाली जाई की पंखे थकल्यासारखे फिरत. पण डायलिसिसच्या यंत्राला त्याचं काही नव्हतं. त्याच्या ट्रॉलीखाली स्वतःचा वीजसाठा होता, वर स्थिर व्होल्टेज देणारी व्यवस्था, आणि मागं एक जास्तीचा सॉकेट, यंत्राचं पाणी गरम ठेवायच्या हीटरसाठी. त्या उन्हात पाणी आपोआपच गरम असल्यामुळं हीटर कधीच काढून ठेवला होता.

त्या दुपारी अनुपमाबाई नेहमीसारख्या सुया लावून पडल्या होत्या. निम्मं काम झालं असेल, इतक्यात वीज गेली. यंत्र क्षणभर अडखळलं आणि स्वतःच्या साठ्यावर चालू लागलं. त्यात नवीन काही नव्हतं. पण लगेच लाल दिवा लागला. भोंगा झाला आणि पडद्यावर अक्षरं आली: ‘परकं उपकरण जोडलेलं आहे. विजेची गळती. उपचार थांबवत आहे.’

डायलिसिसमध्ये रक्त आणि वीज यांच्यात हातभराचं अंतर असतं. म्हणून साठ्यावर चालताना यंत्र सारखं तपासत असतं, की आपल्याकडची वीज कुठून जमिनीत झिरपत तर नाही. इवलीशी गळती सापडली तरी ते धोका पत्करत नाही. त्यानं नळ्यांतलं रक्त सावकाश त्यांच्या हातात परत केलं, चिमटे आवळले आणि गप्प झालं.

“अहो!” अनुपमाबाईंनी हाक मारली.



त्यांनी स्वतःच सुया काढल्या, बोळे दाबून धरले, पट्टी बांधली. आज शरीरात राहिलेलं पाणी उद्या पायांवर सुजेल आणि परवापर्यंत दम लागेल, हे त्यांना माहीत होतं. मग त्या खाली वाकल्या आणि ट्रॉलीमागं बघितलं. हीटरच्या सॉकेटमध्ये एक काळी पिन होती. तिच्यातून निघालेली वायर पायपुसण्याखालून गेली होती, ओट्याच्या मागून खिडकीत चढली होती आणि गॅलरीत उतरली होती. पाठीमागून चिकटपट्टीनं नेटकी बसवलेली. माणूस कामात चोख होता, यात वादच नव्हता.

त्या वायरच्या मागोमाग गेल्या.

गॅलरीत गारव्यासाठी पाणी शिंपडलेलं. त्या ओल्या फरशीवर अनवाणी पाय टेकून रमाकांतराव स्टुलावर बसलेले. शेजारी अडाप्टरची छोटी डबी, तिच्यातून दोन बारीक तारा पेनाच्या पोटात. सेल काढून टाकलेला. पेनाचा धातूचा भाग ओठांत, आणि चेहऱ्यावर वीज का गेली याचं व्यावसायिक कुतूहल.

तेवढ्यात वीज आली. यंत्र घरात बंदच राहिलं, पण साठ्याबरोबर बंद झालेला त्याच्या मागचा सॉकेट पुन्हा जिवंत झाला. पेन जागं झालं आणि गोड आवाजात म्हणालं, “नमस्कार. आज आपला पहिला दिवस. घाई करू नका. मी आहे ना तुमच्यासोबत.”

रमाकांतरावांनी पेन तोंडातून काढलं.

“पहिला?” अनुपमाबाई म्हणाल्या.

“त्याचं काय आहे, अनु, हे व्होल्टेजवर दिवस मोजतं. बाहेरून सप्लाय दिला की व्होल्टेज पडत नाही. व्होल्टेज पडला नाही की त्याला वाटतं सेल कोरा आहे. म्हणून ते…”

“मी ते विचारलं नाही.”

“आधी मी घरच्या लायनीवरच घेतलं होतं. पण मे महिन्यात लाइन इतकी खाली-वर होते, की एका दुपारी ते एकदम चाळिसाव्या दिवसावर गेलं. स्थिर सप्लाय लागतो त्याला. आणि घरात स्थिर सप्लाय एकच. लोड अगदी मामुली आहे, तुझ्या यंत्राला काही फरक…”

“यंत्र बंद पडलंय,” अनुपमाबाई म्हणाल्या. “तुमच्या ओल्या पायांमधून गळती दाखवून बंद पडलंय. माझं निम्मं डायलिसिस राहिलंय.”

रमाकांतरावांनी आधी फरशीकडे पाहिलं, मग अनुपमाबाईंच्या दंडावरच्या पट्टीकडे, आणि चटकन मान फिरवली. पट्टीतून थोडं लाल उमटलं होतं.

“लीकेजचं माझ्या डोक्यातच आलं नाही,” ते पुटपुटले. “इतकी वर्षं लाइनवर काढून…”

“अहो, खड्ड्यात गेलं तुमचं लीकेज!” अनुपमाबाईंनी हातातला बोळा कुंडीत भिरकावला. “चार महिने! चार महिने मी त्या डॉक्टरांना सांगतेय, थोडं राहिलंय, थोडं राहिलंय. गावभर सत्कार घेत फिरलात. किडनी द्यायची नव्हती तर नाही म्हणायचं होतं! एवढं सोपं होतं. ना, ही. दोन अक्षरं. तुम्ही मात्र सोल्डरिंग करत बसलात!”

“कोणाला म्हणू नाही?” रमाकांतराव एकदम मोठ्यानं बोलले. एवढ्या वर्षांत ते असं बोलले नव्हते. “मला विचारलं कोणी? त्या म्हणाल्या, कोणीही चालतं, आणि तुम्ही दोघींनी माझ्याकडे पाहिलं. बघितलं की नाही? मी हो म्हणालो. आता नाही म्हटलं तर उद्या ऋजुता येऊन टेबलावर झोपेल. पोरगं रांगतंय तिचं. आणि हो म्हटलं तर…” ते थांबले. स्टुलाची कड चाचपत राहिले. “हे पेन संपलं की तारीख द्यायचे ना ते. म्हणून मी संपू दिलं नाही. दुसरं काही सुचलं नाही मला.”

“हो म्हटलं तर काय?”

त्यांनी शेजारची अडाप्टरची डबी उगाच सरळ केली.

“अहो, हो म्हटलं तर काय?”

“भीती वाटते मला.”

“कशाची?”

“कापायची. बेशुद्ध करायची. रक्ताची. सगळ्याचीच. तू सुया लावतेस ना, तेव्हा मला इथं बसूनही घाम फुटतो.”

 ज्या तारांखालून जाताना बाकीची माणसं मान खाली घालतात, त्या तारांवर या माणसानं नोकरी काढली होती. वादळात खांबावर चढलेला माणूस. चिडावं तर चिडायची जागाच निसटत होती, त्यामुळं अनुपमाबाई आणखी चिडल्या.

“वायर काढा ती आधी,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारबंदी उठल्यावर त्या पाय सुजलेल्या अवस्थेत रमाकांतरावांना घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉ. मोहरील यांनी उघडं पडलेलं पेन हातात घेऊन उलटसुलट पाहिलं.

“हे कोणी केलं?”

“यांनी,” अनुपमाबाई म्हणाल्या. “पण मी दुसरंच सांगायला आलेय. यांचं नाव काढून टाका. आणि मुलीचं घालू नका. ती आली, रडली, भांडली, तरी घालू नका. घ्यायचं की नाही हे माझ्या हातात आहे ना?”

“आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “पण मग अनोळखी माणसाच्या मूत्रपिंडासाठी थांबावं लागेल. मृत्यूनंतर दान झालेलं. ते कोणाचं असणार हे आधी कळत नाही, त्यामुळं तुमच्या पेशींची ओळख आधी करून ठेवता येणार नाही. जुन्या पद्धतीनं, रक्तगट जुळवून. रांग मोठी आहे.”

“थांबीन.”

“अनु,” रमाकांतराव म्हणाले.

“तुम्ही बोलू नका. तुम्हाला बोलायला चार महिने होते.”

ऋजुता आली, रडली, भांडली. सलग दोन दिवस आई तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ती मुलाला काखेत मारून चिडचिड करत पुण्याला परत गेली. जाताना बापाला म्हणाली, “बाबा, मला तरी सांगायचं होतं.” रमाकांतरावांनी नातवाच्या पायातला मोजा वर ओढला. ज्येष्ठ नागरिक मंडळात ते जाईनासे झाले. ती शाल अनुपमाबाईंनी यंत्रावर धूळ बसू नये म्हणून घातली.

त्यांनी नवऱ्याला शिक्षा मात्र एक केली. एक दिवसाआड दुपारी खोलीतच बसायचं. गॅलरीत नाही, कुंड्या नाहीत, काही नाही.

पहिल्या दुपारी रमाकांतराव भिंतीकडे तोंड करून बसले आणि यंत्राच्या आवाजावरून त्याची मोटर कुठल्या जातीची असेल ते सांगत राहिले. दुसऱ्या खेपेला पंख्याचं बेअरिंग. अनुपमाबाई म्हणाल्या, “यापेक्षा गॅलरीत होतात ते बरं होतं.” पण त्यांनी जाऊ दिलं नाही. काही दिवसांनी एकदा सुई काढताना पट्टीचा रोल त्यांच्या हातून पलंगाखाली गेला. एका हातानं बोळा दाबून धरलेला, दुसरा हात पोचेना.

“अहो, या इकडे. हा बोळा दाबा.”

“मी?”

“मग पंख्याला सांगू?”

ते आले. डोळे घट्ट मिटून त्यांनी अंगठा टेकवला. भलतीकडेच.

“डोळे उघडा. कोपरावर नाही, इथं. इथं हो! जोर द्या. एवढा नको, हात मोडेल.”

रक्त त्यांच्या अंगठ्याला लागलं. कोमट होतं. ते पांढरे पडले, पण अंगठा उचलला नाही. त्यानंतर बोळा दाबणं हे त्यांचं काम झालं. काही आठवड्यांनी त्यांनी स्वतःच नवं पेन आणलं. त्याला हात लावला नाही, ते आपल्या गतीनं उतरू दिलं. पहिल्या महिन्यात ते इतके किरकिरे झाले, की एकदा अनुपमाबाई म्हणाल्या, “जोडा हो ते सप्लायला!” पण पेन उतरत गेलं, आणि नवरात्राच्या सुमाराला एका सकाळी ते बोललंच नाही. रमाकांतरावांनी ते दवाखान्यात जमा केलं. कोणी काही विचारलं नाही, कारण विचारण्यासारखं आता काही नव्हतं. रांगेत अनुपमाबाईंचा नंबर एका बोटानंही पुढं सरकला नव्हता.

दिवाळीच्या आधी एका दुपारी बोळा दाबून बसल्या बसल्या ते म्हणाले, “माझं नाव परत घाल.”

अनुपमाबाईंनी मान वळवली. “कशाला?”

“द्यायला.”

“भीती गेली?”

“नाही.”

“मग? पुन्हा मोठेपणा सुचला? मी मागितलं नाही, ऋजुता काही म्हणत नाही, मंडळात तुम्ही जात नाही. कोणी बघतही नाहीये तुमच्याकडे.”

“तेच ना,” रमाकांतराव म्हणाले. “कोणी बघत नाहीये. तेव्हा घाबरत होतो ते चोरून. आता तुला माहीत आहे.”

 अनुपमाबाईंनी दोन-तीनदा खात्री करून घेतली, ओरडून, शांतपणे आणि पुन्हा ओरडून. ते प्रत्येक वेळी तेच म्हणाले: देतो, आणि भीती वाटते. डॉ. मोहरील यांनी त्यांना एकट्याला बसवून तासभर विचारलं. त्यांनाही त्यांनी तेच सांगितलं. पेशी घेतल्या, त्या एकत्र वाढल्या, आणि ओळख झाल्याचा निरोप प्रयोगशाळेतून आला.

शस्त्रक्रियेच्या सकाळी दोघांना दोन चाकांच्या खाटांवर शेजारी शेजारी आणून ठेवलं. दोघांच्या डोक्यावर हिरव्या टोप्या. कागद घेऊन आलेल्या सिस्टरनं रमाकांतरावांना विचारलं, “काका, काही त्रास?”

“भीती वाटतेय फार,” रमाकांतराव खणखणीत आवाजात म्हणाले.

मग खाट ढकलणाऱ्याला सांगितलं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर त्यांनी हात धरूनच सांगितलं. कोणीतरी चुकून दार उघडून आत डोकावलं, त्यालाही सांगितलं.

“अहो, पुरे!” अनुपमाबाई शेजारच्या खाटेवरून ओरडल्या. “सगळ्या अकोल्याला कळलं आता!”

“अजून आतल्या सर्जनना कुठं सांगितलंय?” रमाकांतराव म्हणाले, आणि त्यांची खाट दारातून आत गेली. दार लागल्यावरही त्यांचा आवाज येत होता. अनुपमाबाई कान देऊन तो ऐकत राहिल्या.